ऊटी, कोडाई आणि फ्रान्स

शशिधर पानवलकरने आयुष्यात एकच निर्णय झटपट घेतला होता, तो म्हणजे रचनाशी लग्न करण्याचा. (रचनाचं म्हणणं, तोही तिच्या वडिलांनी घेतला होता.) त्याखेरीज बाकी सगळं तो तुलना करून ठरवायचा. इंग्लंडातल्या हाउन्सलोच्या घरासाठी पाणी उकळायची किटली घ्यायला त्याला सहा आठवडे लागले होते आणि तोवर दोघं चहा प्रेशर कुकरमध्ये करत होते. स्लाऊच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरीला होता, तिथे या स्वभावाला 'अॅनॅलिटिकल' म्हणत आणि त्याबद्दल दर वर्षी एक सर्टिफिकेट देत. घरी या स्वभावाला जे म्हणत, त्याचं सर्टिफिकेट निघत नाही.

या स्वभावापायी त्यांचा हनिमून बुडाला होता. दहा वर्षांपूर्वी लग्नानंतर पंधरा दिवसांची रजा होती आणि प्रश्न एवढाच होता, की ऊटीला जायचं की कोडाईकनालला. शशीने हवामान काढलं, रेल्वेच्या वेळा काढल्या, जाऊन आलेल्या अकरा जणांना फोन केले. चौदाव्या दिवशी कोडाईने निसटता विजय मिळवला आणि त्याच दिवशी कळलं, की दोन्हीकडे एकही खोली शिल्लक नाही. पंधरावा दिवस नवदांपत्याने सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन साजरा केला. सोबत शशीच्या दोन मावसबहिणी होत्या.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत एका संध्याकाळी डिशवॉशर लावता लावता रचना म्हणाली, "शशी, मला फ्रान्सला जायचंय."

"पॅरिस?"

"पॅरिस नको. गावाकडे. द्राक्षांचे मळे असतात ना, तिथे. संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसायचं, हातात वाइनचा ग्लास, आणि कुणी हाक मारायची नाही. तीन दिवस फक्त. या वर्षी दहा वर्षं होतील आपल्याला."

रचनाला वाइनमधलं कळायचं. हीथ्रोजवळच्या एका कार्गो कंपनीत ती कामाला होती आणि तिथल्या चारजणी दर शुक्रवारी वाइन बारमध्ये जायच्या. शशीचा वाइनशी संबंध म्हणजे ऑफिसच्या ख्रिसमस लंचला एक ग्लास आणि त्यानंतर अॅसिडिटीची एक गोळी.

"प्रांत कुठला ते तू ठरव," रचना म्हणाली. हे वाक्य आपण का उच्चारलं, याचा पश्चात्ताप ती पुढे सहा आठवडे करत होती. पण ती अगदीच बेसावध नव्हती. तिने पुढे जोडलं, "एकतीस मार्चपर्यंत बुकिंग झालं नाही, तर मी चैत्रालीला घेऊन जाईन. मस्करी नाही करत. माझं ऊटी-कोडाई करून झालंय."

रचना आवाज चढवून बोलली की शशी निर्धास्त असायचा. ती हळू बोलली होती.

त्याच संध्याकाळी त्याने एक्सेल उघडलं. पाच प्रांत: शॅम्पेन, बर्गंडी, बोर्दो, अल्सास आणि ल्वार. रकाने बावीस. अंतर, पाऊस, जवळचं हॉस्पिटल, शाकाहारी जेवणाची शक्यता (पाचही ठिकाणी शून्य), उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा धोका (पाचही ठिकाणी सारखाच, पण रकाना एकदा घातला की काढवत नाही). प्रत्येक रकान्याला वजन, वजनाला गुणांक आणि गुणांकाला तळटीप.

मग तज्ज्ञांचा सल्ला. तज्ज्ञ म्हणजे स्टॅनमोरचा परीक्षित, रचनाच्या मैत्रिणीचा, म्हणजे चैत्रालीचा नवरा. परीक्षित फायनान्समध्ये होता आणि ग्लासात काहीही दिलं तरी ते आधी गोल फिरवून नाकाशी नेत असे. मठ्ठासुद्धा.

"बोर्दो," परीक्षित म्हणाला. "दुसरं नावच काढू नकोस. तिथली माती, तिथला उतार, तिथली हवा... सगळं त्या घोटात उतरतं."

"म्हणजे आपल्या नाशिकसारखं?"

परीक्षितने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने उघडून तो म्हणाला, "शशी, तू स्वतः चाखल्याशिवाय ठरवू नकोस."

हा सल्ला शशीला मनापासून पटला. पुढच्याच शनिवारी त्याने सुपरमार्केटमधून पाच प्रांतांच्या पाच बाटल्या आणल्या, आणि लेबल बघून मत बदलू नये म्हणून प्रत्येक बाटलीवर एकेक पायमोजा चढवला. (मोजे धुतलेले होते, हे इथे नमूद केलेलं बरं.) वाइन कशी चाखावी यावरच्या एका पुस्तकात लिहिलं होतं, की घोट तोंडात घोळवून थुंकून टाकावा. पण पैसे देऊन आणलेली वस्तू थुंकायची, हे त्याच्या संस्कारात बसेना. म्हणून तो गिळत गेला आणि गुण देत गेला. पहिल्या मोज्याला साडेचार मिळाले, दुसऱ्याला सहा. तिसऱ्याला साडेआठ मिळाले आणि त्याच्यापुढे शेरा होता, 'मनमिळाऊ'. पाचव्याला दहापैकी तेरा. रचना जिममधून परत आली, तेव्हा शशी सोफ्यावर पडून आईची आठवण काढत होता.

असं करता करता एकोणतीस मार्च उजाडला. अंतिम निकाल: बर्गंडी ७.४३, ल्वार ७.४१.

"फरक फार थोडा आहे," शशी म्हणाला. "मी पावसाचं वजन जरा बदलून परत एकदा..."

"नदी कशात आहे?" रचनाने विचारलं.

"काय?"

"या दोन्हीपैकी कुठल्या ठिकाणी मोठी नदी आहे?"

"ल्वारमध्ये. ल्वार हे नदीचंच नाव आहे."

"झालं तर. ल्वार."

शशीने गुपचूप 'नदी' नावाचा तेविसावा रकाना घातला, त्याला भरपूर वजन दिलं आणि ल्वार ७.९ वर गेल्यावर त्याला बरं वाटलं. आता निर्णय शास्त्रीय झाला होता.

तारीख मात्र त्याने एका मिनिटात काढली. ऑगस्टचा बँक हॉलिडे! सोमवारची सुट्टी आयती, रजा फक्त शुक्रवारची. रजा वाचवणं हा शशीच्या दृष्टीने प्रवासाचा निम्मा आनंद होता.

तारीख ऐकून रचना क्षणभर थांबली. मग म्हणाली, "कर बुक. आत्ता कर. माझ्यासमोर कर."

त्याने केलं. मळ्याला लागून असलेलं दोन खोल्यांचं घर मिळालं. चॅनल टनेलची तिकिटं झाली. व्हिसासाठी त्याने चौसष्ट पानांची फाइल नेली. त्यातली चाळीस पानं खिडकीतल्या बाईंनी न वाचता परत केली आणि नेमक्या त्या चार दिवसांचा व्हिसा दोघांच्या पासपोर्टवर चिकटवून दिला. शशीची छाती फुगली. पुढचे तीन महिने तो भेटेल त्याला ल्वारबद्दल सांगत सुटला.

जुलैच्या शेवटच्या रविवारी परीक्षितकडे गटारी होती. खरी अमावास्या पुढच्या शुक्रवारी होती, पण इंग्लंडात आपले सगळे सण वीकेंडला सरकतात. स्टॅनमोरच्या बागेत बार्बेक्यू पेटला होता, कोंबडीच्या तंगड्या चरचरत होत्या आणि महिनाभराचा दुष्काळ समोर ठेवून मंडळी मनापासून खात-पीत होती.

"मग, फ्रान्सला कधी निघताय?" परीक्षितने विचारलं.

"ऑगस्ट बँक हॉलिडे," शशी रुबाबात म्हणाला. "एक रजा वाचते."

परीक्षितने तंगडी खाली ठेवली. हात टिश्यूला पुसले. आणि वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहावी तो समोर चालत यावा, तशा आनंदाने विचारलं, "श्रावणात?"

शशी बोटांवर तिथी मोजू लागला.

इथे मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या श्रावणात याच बागेत परीक्षितने बिअर उघडली होती, तेव्हा शशीने त्याला सर्वांसमक्ष पंचवीस मिनिटं व्याख्यान दिलं होतं. अकरा महिने मोकळे असताना एक महिना पाळता येत नाही? परदेशात आलो म्हणजे सगळं सोडायचं? आपण मुंबईहून निघालो तेव्हा विमानतळावर आई म्हणाली होती, "तिकडे काय खायचं-प्यायचं ते खा-पी, मी विचारणार नाही. श्रावण तेवढा पाळ." आणि आपण तो आजवर पाळला आहे. परीक्षितने ती बिअर शेवटी कुंडीत ओतली होती.

"नाही, म्हणजे जा ना," परीक्षित म्हणत होता. "मळे बघा. द्राक्षं खा. द्राक्षं उपासाला चालतात. शनिवारी गोकुळाष्टमी, सोमवारी श्रावणी सोमवार. छान योग आलाय."

शशीने रचनाकडे पाहिलं. ती शांतपणे कबाब खात होती. धक्का बसलाय तिला, शशीला वाटलं. बेचैन होऊन तो चैत्रालीच्या ताटातला पापड खाऊ लागला.

घरी परतताना गाडीत तो म्हणाला, "तारीख बदलता आली असती, पण व्हिसा..."

"बघू," रचना म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढचे तीन आठवडे शशीने पळवाट शोधण्यात घालवले. स्लाऊला एक गुरुजी होते. शनिवार-रविवारी सत्यनारायण सांगायचे आणि एरवी वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे. त्यांना त्याने लंच ब्रेकमध्ये फोनवर गाठलं.

"गुरुजी, एक शास्त्रार्थ विचारायचा होता. श्रावण परदेशात लागू होतो का?"

"तुम्ही हाउन्सलोला पाळता ना?"

"हो."

"मग खाडी ओलांडली की चंद्र बदलतो का?" मागे फोर्कलिफ्टचा पीं-पीं आवाज झाला आणि फोन बंद झाला.

राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मात्र आशेचा किरण दिसला, तोही कुंपणापलीकडे. शेजारचे मिश्राजी लखनौचे, धार्मिक गृहस्थ, कांदासुद्धा वार बघून खाणारे. ते बागेत खुर्ची टाकून बिअर पीत बसले होते.

"मिश्राजी! सावन चालू है ना?"

"अरे पानवलकर साहब, हमारा सावन तो राखी को ख़त्म हो गया!"

शशी अक्षरशः धावत घरात गेला. "रचना! उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो! आपल्याकडे अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला! म्हणजे बँक हॉलिडेला त्यांचा भाद्रपद असतो!"

"बरं मग?"

"मग आपण तीन दिवस उत्तरेचं पंचांग मानायचं. फ्रान्स उत्तरेलाच आहे."

रचनाने हातातली इस्त्री उभी केली. "हाउन्सलो फ्रान्सच्या उत्तरेला आहे, शशी. म्हणजे इतकी वर्षं तू इथे पाळलास तो श्रावण नव्हताच?"

शशी खाली बसला. या बाजूने त्याने विचार केला नव्हता. इंग्लंडात आल्यापासूनचे आठ श्रावण डोळ्यांसमोरून गेले. ऑफिसच्या आठ समर पार्ट्या, कोपऱ्यात उभं राहून प्यायलेला संत्र्याचा रस. तेवढ्यात आईचा फोन आला. "शेवटच्या सोमवारी शंकराला नमस्कार कर हो, बेल मिळत नसला तरी चालेल. तू पाळतोस सगळं, म्हणून मला तुझी काळजी नसते," असं म्हणून तिने ठेवला. उत्तरेच्या पंचांगाचा विषय काढायची त्याची हिंमतच झाली नाही.

"मला नाही जमणार," तो पडेल आवाजात म्हणाला. "आणि मी पीत नाही म्हटल्यावर तूही पिणार नाहीस. मग आपण... नकोच जाऊया का? पुढच्या वर्षी नीट..."

"शशी," रचना म्हणाली. हळू आवाजात. "शुक्रवारी सकाळी सहाला मी गाडीत बसलेली असेन. तू असलास तर बरंच आहे."

शुक्रवारी सकाळी सहाला तो स्टिअरिंगवर होता. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, केळी, राजगिऱ्याच्या वड्या. फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवताना त्याने पहिले चाळीस मैल श्वास घेतला की नाही, ते त्याला आठवत नाही. संध्याकाळी ते मळ्यातल्या त्या घरी पोहोचले आणि समोरचं पाहून तो सगळे रकाने विसरला. वेलींच्या रांगा थेट टेकडीपर्यंत गेल्या होत्या आणि खाली नदी संथ वाहत होती.

शनिवारी सकाळी ते वाइनच्या पहिल्या तळघरात गेले. डोंगराच्या पांढऱ्या दगडात कोरलेली गार गुहा, ओळीने मांडलेली लाकडी पिंपं. मालकाने दोन ग्लास भरले. शशीने हात जोडून आपला बाजूला सारला. रचना बिचारी नुसता वास घेईल आणि ठेवून देईल, या विचाराने त्याला भरून आलं.

रचनाने वास घेतला, ग्लास उंच धरून रंग पाहिला आणि एक छान, सावकाश घोट घेतला.

"रचना!" शशी कुजबुजला. "श्रावण!"

"आईंना शब्द तू दिलायस. मी तेव्हा चेक-इनच्या रांगेत बॅगा घेऊन उभी होते."

"पण घरी तर तू श्रावणात कधी..."

"घरी तू समोर संत्र्याचा रस घेऊन सुतकी चेहऱ्याने बसतोस. एकटीने काय प्यायचं? इथे एकटी कुठेय? हे काका आहेत की." काकांनी हसून ग्लास पुन्हा भरला.

शशीच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. "तुला माहीत होतं? श्रावण येतोय हे?"

"मार्चमध्येच. तू तारीख सांगितलीस तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

रचनाने ग्लास पिंपावर ठेवला. "बोलले असते तर तू परत एक्सेल उघडलं असतंस. जून की सप्टेंबर, सप्टेंबर की ऑक्टोबर. मी परत सिंहगडावर बसले असते, शशी. मला यायचं होतं. आणि तुझ्याबरोबरच यायचं होतं, चैत्रालीबरोबर नाही." मग ती हसली. "शिवाय दिवसाला चार तळघरं बघायची म्हणजे गाडी कोणीतरी शुद्धीवर असलेल्याने चालवायला हवी ना? श्रावणासारखा मुहूर्त नाही."

शशीला राग यायला हवा होता. पण गेल्या दहा वर्षांत तिला इतकं मोकळं हसताना त्याने कितीदा पाहिलं, हे मोजायला गेला आणि आकडा इतका लहान निघाला, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्या संध्याकाळी रचना मळ्यात खुर्ची टाकून बसली, हातात ग्लास होता आणि कुणीही हाक मारली नाही. शेजारी शशी राजगिऱ्याची वडी खात गप्प बसला होता. त्याला बोलावंसं वाटलं की तो आणखी एक वडी तोंडात टाकायचा.

तीन दिवस त्याने मन लावून गाडी चालवली. दार उघडून धरायचं, खोके उचलून डिकीत ठेवायचे, बाहेर उभं राहून काच पुसायची. फ्रेंचमध्ये त्याला 'बोंजूर' म्हणजे नमस्कार आणि 'वी' म्हणजे हो, एवढंच येत होतं. प्रश्न कळला नाही की तो नम्रपणे 'वी' म्हणायचा. सोमवारी दुपारी शेवटच्या मळ्यात मालकीणबाईंनी किल्ली फिरवत उभ्या असलेल्या शशीला बरंच काही विचारलं. तो तीनदा 'वी' म्हणाला. बाईंनी मान डोलावली, रचनाला सन्मानाने अंगणातल्या पांढऱ्या टेबलखुर्चीकडे नेलं आणि शशीला दंडाला धरून स्वयंपाकघरामागच्या एका लाकडी बाकावर नेऊन बसवलं. तिथे आधीच एक जाडजूड इंग्रज जेवत बसला होता. लीड्सहून पेन्शनर मंडळींची बस घेऊन आलेला ड्रायव्हर, नाव डेरेक.

शशीच्या सगळं लक्षात आलं. उठून सांगावं, असंही त्याच्या मनात आलं. पण श्रावणी सोमवार होता, पोटात सकाळपासून दोन केळी होती आणि बाईंनी समोर उकडलेल्या बटाट्यांची वाफाळती थाळी आणून ठेवली होती. तो बसला.

"आम्हा ड्रायव्हर लोकांना जेवण फुकट असतं इथे," डेरेकने माहिती पुरवली. "एक थेंब घेत नाहीस हे पाहिलं मी. शाब्बास. आमच्या धंद्यात तेच महत्त्वाचं."

पलीकडे अंगणात पेन्शनरांच्या घोळक्यात बसून रचना काहीतरी सांगत होती आणि सगळे हसत होते. सगळ्यात मोठ्याने ती स्वतः हसत होती.

"बाई चांगल्या दिसतायत तुझ्या," डेरेक म्हणाला. "अशा माणसाकडची नोकरी सहसा मिळत नाही, बरं का. सांभाळ. किती वर्षं आहेस त्यांच्याकडे?"

"दहा," शशी म्हणाला.

"दहा! मग आता पर्मनंट असशील."

शशीने बटाट्यावर मीठ भुरभुरलं आणि अंगणाकडे पाहिलं. "नाही अजून," तो म्हणाला. "पण या तीन दिवसांचं काम बघून विचार करतील असं वाटतंय."